एकदा हो, दोनदा नाही

१

दुपारची भांडी आवरली, ओट्यावर फडकं वाळत टाकलं, की हात पुसतपुसत समोरच्या घरी जायचं हा माझा नेम. आमचं घर तळमजल्याला, त्यांचंही तळमजल्याला, मध्ये एवढासा बोळ. त्यांच्या दाराला बेल आहे, पण मी ती कधी वाजवली नाही. त्यांची सूनबाई म्हणते, "काकू, तुमच्या चपला वाजल्या की आम्ही बेलच समजतो." टोमणा असेल तर असो. आमचे हे तर तोंडावरच म्हणतात, "निघाली स्वारी चौकशीला!"

चौकशीला तर चौकशीला. एक माणूस पलंगावर नुसता पडून आहे आणि त्याला कुणी काही विचारत नाही, तर शेजाऱ्यांनी विचारायचं नाही का?

हे समोरचे आप्पा शाळेत भूगोलाचे मास्तर होते. माझा धाकटा दीर त्यांच्या हाताखाली शिकला. तो सांगायचा, मास्तर कधी ओरडायचे नाहीत. प्रश्न विचारायचे आणि खडूने टेबलावर तीनदा टकटक करून गप्प उभे राहायचे. तिसऱ्या टकटकीला मुलाचं तोंड उघडलंच पाहिजे. मग हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण.

मेंदूचा झटका आला तेव्हा आप्पांचं मानेखालचं सगळं गेलं, वाचाही गेली. राहिले ते डोळे. घरी पाठवताना डॉक्टरांनी युक्ती शिकवली होती. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. घरचे त्यात कामापुरतं विचारायचे. भूक लागली? कूस बदलू? बाकीचं सगळं मी विचारायचे.

"आप्पा, काल आले ते सुनेच्या माहेरचे?" हो. "काही द्यायला आले होते?" नाही. "मग भांडायला?" हो. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडायच्या. खरं सांगते, मला जेवढी गंमत वाटायची तेवढीच त्यांनाही वाटायची.

एकदा मात्र मी नको ते विचारलं. "आप्पा, भीती वाटते का हो कशाची?"

हो.

"मरणाची?" नाही. "दुखण्याची?" नाही. "मुलगा टाकून देईल याची?" नाही. मी विचारत गेले, ते नाही म्हणत गेले. शेवटी मीच थकून, थट्टेनं म्हटलं, "मग काय, मी यायची बंद होईन आणि कुणी काही विचारणार नाही याची?"

त्यांनी एकदाच डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"मी आहे तोवर विचारीन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२

आप्पांचा मुलगा फ्रीज दुरुस्त करतो. सगळी गल्ली त्याला फ्रीजवालाच म्हणते. मन लावून काम करणारा, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरलीच. असाच कुणाच्या घरी फ्रीजला गॅस भरायला गेला आणि तिथं काय बघून आला तर पाकट.

"काकू, पाकट बघितलंय कधी?"

"बघितलंय की. बाजारात. सुपासारखं पसरट आणि चाबकासारखी शेपटी."

"ते समुद्रातलं. हे गोड्या पाण्यातलं. अंगावर नाण्यांएवढे ठिपके. असं तळाशी पडून राहतं ना काकू, नुसतं बघत राहावंसं वाटतं."

"डंख मारतं ना पण ते?"

"चुकून पाय पडला तर. आपण कशाला पाय ठेवतोय?"

आप्पांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असू द्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते त्याला निमित्तच झालं. पाकट पाळायचं आणि त्याची काचेची टाकी आप्पांच्या खोलीत ठेवायची असं ठरलं. तिथली फरशी भक्कम, खाली पोकळी नाही.

माशांच्या दुकानाचा मालक जागा बघायला स्वतः आला. जाडजूड, मिशीवाला, बोलायला गोड. त्याच्या अटी मी दारात उभी राहून ऐकल्या. टाकीला उंची नको, पसारा पाहिजे. हा प्राणी पोहतो कमी, लोळतो जास्त. आत दगड नको, शंख नको, शोभेचं काहीच नको, पोटाची कातडी नाजूक असते. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू. पाणी कोमट. पाणी तापवायच्या कांडीला जाळीचं आवरण पाहिजेच, कारण हे त्या कांडीला चिकटून पडतं आणि आपण भाजतोय हे त्याला कळतच नाही. उजेड मंद ठेवायचा. दणके नकोत, मोठे आवाज नकोत.

"सून आणताना एवढं बघितलं नव्हतं यांनी," मी म्हटलं.

"ऐकलं हं काकू!" सूनबाई आतून ओरडली.

कांडीचं ऐकून मला मात्र आप्पांची मांडी आठवली. मागच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी सुटून तिथं मोठा फोड आला होता. त्यांना कळलंच नव्हतं.

"आणि एक," दुकानदार जाताजाता म्हणाला, "प्राणी आणायची घाई करायची नाही. आधी जागा तयार करा. जागा चांगली जमली की प्राणी कुठून ना कुठून येतोच."

टाकी आली. आप्पांच्या पलंगाएवढीच लांब, तेवढीच रुंद, उंचीलाही पलंगाच्या बरोबरीनं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर वाटलं, घरात आणखी एक पलंग आलाय आणि निजणारा यायचाय.

३

पुढचे कितीतरी दिवस आम्ही वाळूच धूत होतो. आम्ही म्हणजे मी आणि सूनबाई. माझी पिठाची चाळणी त्यात कामाला आली. एक घमेलं चाळायचं, पाणी निवळ होईपर्यंत धुवायचं, पोत्यावर पसरायचं. बोटांतून वाळू अशी सुटायची की हात थांबवू नये वाटायचं.

मग टाकीत वाळू गेली, पाणी गेलं, आणि दुकानदारानं एक जुना, काळपट स्पंज आणून त्यात सोडला. कुठल्याशा चालत्या टाकीतला होता. "याच्याशिवाय पाण्यात जीव येत नाही. मुरू द्या आता."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं.

"अगदी बरोबर बोललात, काकू."

फ्रीजवाला रोज बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा आणि खिडकीशी नेऊन रंग बघायचा. हिरवट म्हणजे पाणी अजून विषारी. पिवळं झालं की तयार.

धुतलेली वाळू पुष्कळ उरली. तेव्हा आप्पांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, गादी बदलली तरी भरत नव्हत्या. फ्रीजवाल्याच्या डोक्यात आलं की ही वाळू अंगाच्या आकाराप्रमाणे दबते, कुठं टोचत नाही, मग आप्पांना का नाही? त्यानं मला खोळ शिवायला सांगितली. मी जाड कापडाची दुहेरी शिवणीची खोळ शिवली. उशांचे अभ्रे शिवण्यात माझा हात चांगला आहे.

वाळू भरलेली खोळ आप्पांखाली घातली त्या पहिल्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, बरं वाटतंय?"

त्यांनी डोळे एकदा मिटले. जखमा भरूही लागल्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, चौकशीचे फायदे.

४

काय खटकलं म्हणाल तर आधी सूनबाईचे पाय. खोलीत येताना ती पाय उचलेनाशी झाली. फरशीवर तळवे घासत, सरकत सरकत यायची.

"काय गं, पाय दुखतायत का?"

"नाही हो. या खोलीत असंच चालायचं. चुकून पाय पडायला नको."

"कशावर?"

ती हसली. "सवय लागली, काकू. ह्यांनी सांगितलंय."

पाकट अजून आलंच नव्हतं. पाणी हिरवंच होतं. पण पडदे ओढलेले, रेडिओ बाहेर नेलेला, बोलणं कुजबुजत. भिंतीवरचं घड्याळही काढलं होतं, टिकटिकीचा दणका बसतो म्हणे. खुर्च्यांच्या, कपाटाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवलेला. खोली कोमट. माझ्या चपला आता दाराबाहेर काढायच्या होत्या.

आणि खोळीतून वाळू बाहेर येत होती. माझी शिवण उसवली असेल म्हणून मी चारी बाजूंनी चाचपून बघितली. टाका न् टाका जागेवर. तरी आप्पांच्या खांद्यांवर, छातीवर, कानांमागे वाळूचा पातळ थर. झटकला तर दुसऱ्या दिवशी परत, थोडा जास्तच.

"आप्पा, वाळू काढू का अंगावरची?"

नाही.

"खुपत नाही?"

नाही.

आणि मग, मी काहीच विचारलेलं नसताना, त्यांचे डोळे तीनदा मिटले.

मी थांबले. एकदा हो, दोनदा नाही. तीनदा म्हणजे काय? "चुकून झालं का?" नाही. "पाणी हवंय?" नाही. "कुणाला बोलावू?" नाही. परत तीनदा.

मी वाकून नीट बघत होते म्हणून ते मला दिसलं. पापणी खाली येत नव्हती. पापणी होती तिथंच होती. डोळा आत जात होता, आणि परत वर येत होता.

५

"मोतीबिंदू होतोय तुला," आमचे हे म्हणाले. "आधी डॉक्टरला डोळे दाखव, मग दुसऱ्याच्या डोळ्यांवर बोल."

मीही स्वतःला तेच समजावलं. माणूस किती दिवस अंथरुणावर आहे. डोळे खोल जाणारच. अंधूक उजेडात आपण वाकून बघतो, भास होतात.

डॉक्टर येऊन गेले तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. त्यांनी चादर थोडी वर केली, पाठीखाली हात घातला आणि चकित झाले. "एकही जखम नाही! ताप नाही. श्वास किती संथ. काय केलंत तुम्ही?"

"वातावरण जमवलं, साहेब," फ्रीजवाला म्हणाला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "डोळे तीनदा मिटले तर त्याचा अर्थ काय?"

"स्नायू थरथरतात कधीकधी. मनावर घेऊ नका, काकू." आणि दरवाज्यापर्यंत तेही पाय घासतच गेले. बहुतेक फरशीवरच्या वाळूमुळे असेल.

ते गेल्यावर मी आप्पांजवळ बसले. हनुवटीपर्यंत वाळू आली होती, वर चादर. चादर अगदी सपाट दिसत होती. मला एकदम त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. पूर्वी मी घ्यायचे, बोलताना. चादरीखाली हात सरकवला.

मनगट असायला हवं तिथं मनगट नव्हतं. हात बारीक झालेत, मी मनाशी म्हटलं, आजारपणात मांस झडतं. आणखी चाचपलं. बोटं लागायला हवी होती. लागली ती एक कड. मऊ, कोमट, कापडाच्या काठासारखी पातळ. ती माझ्या बोटांवरून लाट यावी तशी सरकत गेली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. जिथं त्यांचे पाय असतात तिथपर्यंत.

मी हात बाहेर ओढला. आप्पा माझ्याकडेच बघत होते.

"आप्पा, मी कुणाला सांगू का?"

दोनदा.

"घाबरलायत का तुम्ही?"

दोनदा.

मग तीनदा. आणि परत तीनदा.

घरी येऊन साबणानं हात धुतले. वाळूचा एक कणही हाताला नव्हता, तरी धूत राहिले.

६

त्याच सुमारास बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि मला तिच्याकडे जावं लागलं. वाटेत मनात एकच, की दुपार झाली, आता तिथं कुणी काही विचारत नसेल.

परत आले ती पिशवी घरात टाकून तशीच समोर गेले. सूनबाईनं दार उघडलं. चेहरा टवटवीत, घर स्वच्छ.

"या काकू! पाणी पिवळं झालं! आणि आलंसुद्धा बघा, गुणी आहे हो."

खोलीत पलंग नव्हता. फरशीवर त्याच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

"आप्पा कुठायत?"

"त्यांना आत्यांकडे नेलं, ह्यांच्या. हवापालट. तिकडं मोकळं आहे."

इतकी वर्षं मी या घरात येतेय. कुणाच्या लग्नात कोण रुसलं इथपर्यंत मला ठाऊक. या घरात आत्या आहे हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"फोन लावून दे ना. दोन शब्द बोलते."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "काकू, फोनवर आप्पांचे डोळे कसे दिसणार तुम्हाला?"

खरंच की. आप्पा कुठंही असले तरी समोर गेल्याशिवाय ते आहेत की नाहीत हेही मला कळणार नव्हतं. पत्ता मागितला, तर म्हणाली ह्यांना माहीत. फ्रीजवाल्याला विचारलं, तर तो करवत चालवता चालवता म्हणाला, "सांगतो की, काकू." आतल्या खोलीत तो लाकडाची चौकट करत होता, लांब आणि ठेंगणी.

"हे कशासाठी?"

"हे एकटं राहत नाही म्हणे नीट. जोडी लागते. दुकानदार म्हणाला, आधी जागा करा." मग आठवल्यासारखं म्हणाला, "काकू, अजून एक खोळ शिवाल का? मागच्यासारखीच. तुमचा हात चांगला आहे."

घरी सगळं सांगितलं तर हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "त्यांचा बाप, त्यांची आत्या. तू कोण?"

मी खोळ शिवली. का शिवली ते विचारू नका. कापड आणून दिलं होतं, मशीन समोर होतं, हात चालत गेले.

७

खोळ द्यायला गेले ती दुपारीच. सूनबाई म्हणाली, "बसा ना आप्पांच्या खोलीत, कितीतरी दिवसांत बसला नाहीत." खोलीत माझी खुर्ची जिथल्या तिथं होती. फक्त तिचं तोंड आता टाकीकडे होतं.

पाण्याखाली नुसती वाळू. मग वाळूचा एक भाग उचलला गेला, कडा लहरल्या आणि ते सावकाश तरंगत काचेला येऊन चिकटलं, पोट माझ्याकडे करून. पांढरं पोट, त्यावर चिमुकलं तोंड, वर दोन नाकपुड्या, जणू हसरा चेहराच. मी जीव मुठीत धरून बघितलं. तो चेहरा कुणाचाच नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी झालीस, मी स्वतःला म्हटलं, आणि येडी झालीस.

ते परत तळाशी गेलं. कडा हलवून अंगावर वाळू ओढून घेतली. दिसेनासं झालं, फक्त दोन डोळे वर राहिले.

माशाला पापण्या नसतात हे मलाही कळतं. दुकानदारानं सांगितलंही होतं की पाकट खाताना, दचकताना डोळे आत ओढून घेतं. त्यात काही नाही.

"आप्पा?" मी म्हटलं.

डोळे आत गेले. वर आले. एकदा.

काहीही बोललं तरी तसंच करत असेल. मी उलटं विचारलं. "तुम्ही गणित शिकवायचात ना?"

दोनदा.

"भूगोल?"

एकदा.

खुर्चीच्या दांड्या मी घट्ट धरल्या. बाहेर करवत चालू होती, कुणीतरी बोळातून सायकल नेत होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. "दुखतंय?" नाही. "गार वाटतं?" नाही. "मुलानं केलं हे? सुनेनं?" नाही, नाही. "मग कुणी?" पण याचं उत्तर हो किंवा नाही कसं देणार? "बाहेर काढू तुम्हाला?" हे विचारताना माझा आवाज फाटला, कारण हो आलं असतं तर मी काय करणार होते? कुणाला हाक मारणार होते? कुठं ठेवणार होते?

हो आलं नाही, नाही आलं नाही. डोळे माझ्यावर होते. मग ते आत गेले, वर आले, आत गेले, वर आले, आत गेले, वर आले.

"काय म्हणताय, आप्पा? मला कळत नाही हो. विचारलं ना मी सगळं. अजून काय विचारू?"

तीनदा. थांबून परत तीनदा. एका लयीत, घाई न करता.

आणि मला धाकट्या दिराचं बोलणं आठवलं. खडू. टेबल. तीनदा टकटक करून गप्प उभे राहिलेले मास्तर.

ते उत्तर देतच नव्हते. ते मला विचारत होते. पलंगावर होते तेव्हापासून विचारत होते, आणि मी त्यांच्या प्रश्नावर माझे प्रश्न टाकत बसले होते.

काय विचारत होते? त्यांच्याजवळ शब्द नव्हते आणि माझ्याजवळ अंदाज नव्हता. पलंगाच्या पायांच्या त्या चार खुणा होत्या, मांडीवर मी शिवलेली खोळ होती, आणि पाय घासत कुणीतरी दाराशी येऊन थांबलं होतं. मी मागं वळून बघितलं नाही. मला एवढंच कळत होतं की आयुष्यभर मी लोकांना विचारत आले, आणि मला असं थांबून, माझ्या उत्तराची वाट बघत, कुणीच कधी काही विचारलं नव्हतं.

उठावं, घरी जावं, ह्यांना हाक मारावी, सगळं मनात आलं. अंग हललं नाही.

परत तीनदा. मग गप्प. वाट बघत.

समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, त्याच्या पलीकडे वाळू. हो म्हणावं की नाही ते ठरवायच्या आत माझे डोळे मिटले. एकदाच. खोली क्षणभर अंधारली आणि परत दिसू लागली.

मी काचेतच बघत होते. माझी पापणी हलली नव्हती.